मुकी गाडी

"मग तुमीच सांगा वस्ताद, गाडीत खोट हाय का न्हाई?"

बाबालाल मुलाणी गाडीकडं बघत होते. विचारणाऱ्याकडं नाही.

गाडी नुकतीच टेंपोतून उतरवली होती. हँडल एका अंगाला वाकलेलं, टाकीला खोल पोचा. मागच्या कॅरियरवर लसीची पेटी बांधायचा पट्टा तुटून लोंबत होता. इंजिनाला मात्र ओरखडाही नव्हता.

"वस्ताद..."

"ऐकलं मी," बाबालाल म्हणाले. "तिचं ऐकू दे आता."

विचारणारा जालिंदर यादव. बाबालालच्या हाताखाली त्यानं पाच वर्षं काढली होती. मग पाटणच्या मोठ्या रस्त्यावर स्वतःचं गॅरेज टाकलं आणि वस्तादांच्या पुढं नाव काढलं. जुन्या गाड्या टकटक वाजतात. जालिंदरकडून आलेली गाडी वाजत नसे. लोक कौतुकानं म्हणायचे, जालिंदरकडं दिली की गाडी मुकी होऊन येते.

मला हे सगळं जालिंदरनंच सांगितलं. सांगताना त्यानं स्वतःला कुठंही झाकलं नाही, म्हणून जसं ऐकलं तसं लिहितो आहे.

बाबालालच्या गॅरेजच्या दारात बाकड्यावर तिसरा माणूस बसला होता. दिनकर भंडारे. आल्यापासून तो एक शब्दही बोलला नव्हता. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तो फक्त जालिंदरच्या हातांकडं बघत होता.

गाडी त्याच्या बहिणीची होती.

कौसल्या सिस्टर आरोग्य केंद्रात नर्स होत्या. नवरा वारल्यावर त्यांनी त्याचीच जुनी मोटारसायकल चालवायला शिकून घेतली, आणि घाटावरच्या वाड्यांना लस द्यायला त्या तिच्यावरूनच जात. चार दिवसांपूर्वी घाटाच्या चढावर, वळणात, समोरून एसटी आली. सिस्टरांनी रेस सोडली. गाडी तिथंच बंद पडली. किक मारायची तर उजवा पाय ब्रेकवरून उचलावा लागतो. त्यांनी उचलला. एकदा मारली, दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्या किकेला गाडी खडीवरून मागं सरली आणि बाई आणि गाडी, दोन्ही कठड्याच्या खिंडारातून खाली ओढ्यात गेल्या.

कराडला दवाखान्यात पायाचं ऑपरेशन झालं. पाय पहिल्यासारखा होईल का, हे डॉक्टर सांगत नव्हते.

बाजारात कुजबुज सुरू झाली. गाडीचं काम तर जालिंदरकडंच असायचं. तेव्हा जालिंदर चारचौघांत म्हणाला, बाबालाल वस्तादांना दाखवा, ते सांगतील ते मला मान्य. दिनकरनं ते ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी गाडी टेंपोत घातली.

जालिंदरला खात्री होती. म्हणजे, गाडी पुढ्यात येईपर्यंत तरी होती.

त्यानं पुढं होऊन स्वतःच किक मारली. एका किकेत गाडी लागली. रेस न देता इंजिन आपलं आपण हळू चालत राहतं, त्याला गॅरेजात स्लो म्हणतात. या गाडीचा स्लो जरा चढा होता. जालिंदरनं खिशातून पेचकस काढला आणि कार्बोरेटरच्या बाजूचा स्क्रू दोन आटे बाहेर काढला. इंजिन खाली उतरलं. मऊ, एकसारखं, जणू कुणी दूर शिवणयंत्र चालवतंय.

हे दोन आटे आत कुणी घातले होते, ते त्याला माहीत होतं. पण ते कुणी विचारलं नाही.

मग त्यानं माठातून पेला भरून आणला आणि काठोकाठ भरलेला तो पेला गाडीच्या सीटवर ठेवला. पाण्यावर बारीकशी थरथर उठली, तेवढीच. थेंब सांडला नाही.

"बघा," तो म्हणाला. पण तो बोलला दिनकरकडं बघून. "अशी गाडी आपोआप बंद पडंल का?"

दिनकर अजून त्याच्या हातांकडंच बघत होता.

जालिंदर चावीकडं हात नेऊ लागला.

"राहू दे," बाबालाल म्हणाले.

"दिसलं की वस्ताद."

"थंड इंजिन दिसलं."

ते उठले. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघ्यावर हात देऊन उठला. कोपऱ्यात त्यांची स्वतःची गाडी होती. रंग उडालेली, सीट फाटून पोत्याचा तुकडा टाचलेली. त्यांनी ती ढकलत आणून सिस्टरांच्या गाडीशेजारी उभी केली आणि किक मारली. चौथ्या किकेला ती लागली.

लागली आणि वाजू लागली. टिक, टिक, टिक, टिक. हाताखाली होता तेव्हा जालिंदरला या आवाजाची लाज वाटायची. वस्ताद दुसऱ्यांच्या गाड्या नीट करतात आणि यांची स्वतःची ऐकवत नाही, असं तो बाहेर हसून सांगायचाही.

दोन्ही गाड्या शेजारी शेजारी चालू राहिल्या. एक वाजत होती. एक नाही.

बाबालाल दोन्हींच्या मधे स्टूल घेऊन बसले.

"किती वेळ?" जालिंदरनं विचारलं.



एप्रिलची दुपार. पत्र्याखाली ऊन उतरलेलं. धूर दारातून बाहेर जात होता. पाच मिनिटं झाली असतील, नसतील. जालिंदरनं कपाळ पुसलं. तो म्हणाला, उभ्या गाडीला वारा लागत नाही, अशी तर कुठलीही गाडी तापेल, ही काही परीक्षा नव्हे. बाबालालनी हनुवटीनं आपल्या गाडीकडं दाखवलं. तिलाही वारा लागत नव्हता.

टिक, टिक, टिक, टिक.

आणखी काही वेळ गेला. इंजिनाच्या पाकळ्यांवरून गरम हवा थरथरत वर येऊ लागली.

दिनकर बाकड्यावरून उठला आणि जवळ येऊन उभा राहिला. खूप जवळ. जालिंदरला त्याचा श्वास ऐकू येत होता. दिनकर दगडाच्या खाणीवर कामाला होता. त्याच्या हाताच्या पंजाकडं जालिंदरची नजर पुन्हा पुन्हा जात होती.

आणि मग पेल्यातलं पाणी हललं.

काठावरून एक थेंब ओघळला. इंजिन एकदा खाली बसल्यासारखं झालं, सावरलं, पुन्हा बसलं. जालिंदरचा हात त्याच्या नकळत रेसकडं गेला. जरा मूठ पिळली असती तर ते सावरलं असतं. हजारदा त्यानं तसं सावरलं होतं.

बाबालालनी त्याचं मनगट धरलं.

"हात काढ."

"वस्ताद, जरा रेस..."

"मरू दे तिला."

इंजिन आणखी दोनदा धडपडलं. मग बंद पडलं.

शेजारची गाडी वाजत होती. टिक, टिक, टिक, टिक. पेल्यातलं पाणी आता अगदी स्थिर होतं.



"आता लाव," बाबालाल म्हणाले.

जालिंदरनं किक मारली. लागली नाही. पुन्हा मारली, पुन्हा मारली. सहाव्यांदा मारताना त्याच्या डोळ्यांपुढं घाटाचं वळण आलं आणि तो थांबला.

बाबालाल पुढं झाले. त्यांनी पाय उचललाच नाही. वाकून त्यांनी किकेवर नुसता हात ठेवला आणि दाबला. किक लोण्यात सुरी जावी तशी खाली गेली. इंजिनात दमच नव्हता, आतली हवा दाबलीच जात नव्हती.

थंड असताना याच किकेवर जालिंदरनं अंगाचा सगळा भार टाकला होता.

"काय झालं?" दिनकरनं विचारलं. आल्यापासूनचं त्याचं पहिलं वाक्य.

"कचरा असणार," जालिंदर घाईनं म्हणाला. "कार्बोरेटरात. गाडी ओढ्यात पडली होती. पेट्रोलबी जुनं."

"बघ की मग," बाबालाल म्हणाले, आणि त्यांनी आपली गाडी बंद केली.

शांतता झाली. ती जास्त वाईट होती.

जालिंदरनं कार्बोरेटर उतरवला. खालची वाटी उघडली. पेट्रोल निर्मळ, तळाला कणही नाही. पायलट जेट काढलं. स्लोला पेट्रोल पुरवणारं हे पितळेचं बारीक तोंड, केसाएवढ्या भोकाचं. त्यानं ते उजेडाकडं धरलं. भोक लख्ख दिसलं. त्यानं ते दिनकरच्याही डोळ्यापुढं धरलं आणि लगेच त्याला वाटलं, हे दाखवायला नको होतं.

प्लग काढला. त्याचं तोंड विटकरी, हवं तसं. कार्बोरेटर आणि इंजिन जोडणारं रबर वाकवून बघितलं, कुठं चीर आहे का, तिथून हवा ओढली जाते का. चीर नव्हती.

"कार्बोरेटर चांगला धुतलाईस," बाबालाल म्हणाले. "तीनदा धुतला असशील."

जालिंदरनं मान वर केली नाही. तीनदाच धुतला होता.

तीनदा सिस्टर आल्या होत्या. पहिल्या खेपेला त्या म्हणाल्या, तुम्ही आवाज घालवलात तेव्हापासून गाडी तापली की बंद पडते. त्यानं कार्बोरेटर धुतला. दुसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, वर चढून गेले की रेस सोडल्यावर बंद पडते, मग पंधरा-वीस मिनिटं लागतच नाही. त्यानं कार्बोरेटर धुतला, प्लग बदलला आणि स्लोचा स्क्रू एक आटा आत घेतला. तिसऱ्या खेपेला गॅरेजात चार गिऱ्हाइकं बसली होती. सिस्टरांनी तेच सांगितलं. त्यानं वाटी उघडून पुन्हा धुतली, आणखी एक आटा आत घेतला, गाडी लावून दाखवली, सीटवर पेला ठेवून दाखवला. आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "ताई, गाडीला काही झालं न्हाई. तुमाला क्लच सोडता येत न्हाई."

गिऱ्हाइकं हसली होती.

त्यानंतर सिस्टर आल्या नाहीत. त्याला वाटलं, गाडी नीट झाली.

इंजिन थंड व्हायला तासभर गेला. बाबालालनी तिघांना चहा सांगितला. दिनकरनं घेतला नाही. जालिंदरनं घेतला, पण तो हातातच गार झाला. तासभरात एकच बोलणं झालं. दिनकरनं बाबालालना विचारलं, चाचा, तुम्हाला कळलंय ना काय झालं ते? बाबालाल म्हणाले, कळायचं ज्याला आहे त्याला कळू दे.

मग त्यांनी इंजिनाच्या माथ्यावर पंजा ठेवून बघितला आणि फडताळातून एक तेलकट फडकं काढलं. आत फिलर गेज होतं. पातळ पोलादी पात्यांचा जुडगा, प्रत्येक पातं वेगळ्या जाडीचं.

"टॅपेट बघ," म्हणाले.

टॅपेट वाजतात, कारण टॅपेट आणि व्हॉल्व, म्हणजे इंजिनाची झडप, यांच्या मधे एक बारीक फट ठेवावी लागते. फट मिटवली की आवाज मिटतो. जालिंदरची सगळी कीर्ती त्या फटीत होती. त्यानं झाकण काढलं. बाबालालनी नेमकं पातं निवडून त्याच्या हातात दिलं.

आणि मग त्यांनी एक गोष्ट केली. ते वळले, सीटवरचा पेला उचलला, आणि पाठ करून माठाकडं निघून गेले.

जालिंदर पातं घेऊन बसला. दिनकर त्याच्या डोक्यावर उभा. पण दिनकरला यातलं काही कळत नव्हतं. फटीत पातं गेलं की नाही, ते डोळ्याला दिसत नाही. बोटाला कळतं, आणि तेही फक्त धरणाऱ्याच्या. जालिंदर नुसता म्हणाला असता, बरोबर आहे, तर ते बरोबर ठरलं असतं. पेट्रोलला दोष देता आला असता. घाटाला देता आला असता. वस्तादांची पाठ होती.

इनटेकच्या बाजूला पातं अडखळत गेलं.

एक्झॉस्टच्या, धूर बाहेर जातो त्या बाजूला त्यानं पातं लावलं... गेलं नाही.

त्यानं त्याहून पातळ लावलं. गेलं नाही. जुडग्यातलं सगळ्यात पातळ, कागदासारखं, ते लावलं. ते वाकलं.

थंड इंजिनात फट नव्हती. तापल्यावर पोलाद वाढतं. मग व्हॉल्व मिटणारच नाही, उघडाच राहणार, आणि दम सगळा सायलेन्सरातून जाणार. स्लोचा स्क्रू कितीही फिरवला तरी. हे त्याला या गॅरेजात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. बाबालाल माठाशी पेला विसळत होते. खूप वेळ विसळत होते.

"काय?" दिनकर म्हणाला.

जालिंदरनं पातं पुसलं. पुन्हा पुसलं.

"पातं जात न्हाई," तो म्हणाला.

"म्हंजी?"

"म्हंजी मी फट ठेवली न्हाई. आवाज येऊ नये म्हणून." त्यानं पातं खाली ठेवलं. "तुमच्या बहिणीनं मला तीनदा सांगितलं. बरोबर सांगितलं. गाडी माझ्यामुळं बंद पडली."

दिनकरच्या हातात टेंपोतून आणलेला दोर होता. तो त्यानं मुठीभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. जालिंदर मला म्हणाला, त्या वेळी त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं, मी हात वर केला नसता.

पण दिनकरनं मारलं नाही.

"दवाखान्यात मी तिला विचारलं," दिनकर म्हणाला. "म्हटलं, आक्का, गाडीत खोट होती का? त्या जालिंदरला सोडत न्हाई मी." तो थांबला. "ती म्हणली, नगं त्याच्या वाटंला जाऊस. मलाच क्लच सोडता येत नसंल."

एवढं बोलून तो बाहेर गेला आणि टेंपोच्या फाळक्याला टेकून, तोंड फिरवून उभा राहिला.

जालिंदर जमिनीवर बसून होता. बऱ्याच वेळानं त्याचा हात पान्याकडं गेला. टॅपेटचा नट त्यानं पान्यात धरला. आत्ता सैल करतो, नेमकी फट ठेवतो, गाडी नीट करून परत देतो, असं काहीतरी तो पुटपुटला.

बाबालालनी वाकून पाना त्याच्या हातातून काढून घेतला.

"गाडीला घाई न्हाई," ते म्हणाले.

जालिंदरनं विचारलं, वस्ताद, मी तुमच्याकडंच शिकलो, मग माझ्या ध्यानात कसं आलं नाही. बाबालालनी पाना फडताळात ठेवला. त्यानं विचारलं, आता बाजारात काय सांगू. त्यांनी विसळलेला पेला माठावर पालथा घातला.

बाहेर टेंपो सुरू झाला. दिनकर कराडलाच निघाला होता, बहिणीकडं. जालिंदर उठला. हाताचं ग्रीस पँटीलाच पुसलं. दारापर्यंत गेला, आणि उंबऱ्यात थांबला. पाय पुढं पडेना.

"दिनकर," त्यानं हाक मारली. "मला घेशील का संगं?"

टेंपोतून उत्तर आलं नाही. पण टेंपो हललाही नाही. थोड्या वेळानं डाव्या बाजूचं दार आतून उघडलं.

जालिंदर मागं वळला. वस्तादांच्या समोर, त्यांचं गॅरेज सोडल्यापासून पहिल्यांदा, त्यानं मान खाली घातली.

"जातो मी," तो म्हणाला. "पण वस्ताद... सिस्टरांपुढं उभं ऱ्हाऊन काय बोलू?"

बाबालालनी त्याच्याकडं बघितलं. दुपारपासून पहिल्यांदाच, नीट.

"बोलाया चाललाईस व्हय, का ऐकाया?"